हजेरी

पाच चाळीसला गेट उघडतं.
सोहारच्या बंदरामागे, स्मेल्टरच्या भिंतीशी
मी, टाइमकीपर उजागरे,
एकशे बारा माणसांच्या सकाळी
निळ्या बॉलपेनने वहीत उतरवतो.
कोण कधी आत, कोण कधी बाहेर.
माणसाबद्दल याहून जास्त मला कुणी विचारत नाही.

कृपा हा शब्द शेवगावच्या मिशन कंपाउंडात
इतक्यांदा ऐकला होता
की दवाखान्याच्या पायरीसारखा झिजला होता, मधोमध.
पुढे तो अर्जांच्या तळाशी भेटत राहिला:
आपला कृपाभिलाषी.
मग पाट्यांवर: कृपया रांगेत उभे राहा.
इथे शुक्रवारी आम्ही अकरा माणसं, दोन पोरं,
एक सूर अडकणारा कीबोर्ड.
पाळक लोंढे सांगतात,
कृपा म्हणजे न कमावलेलं.
मी मान डोलवायचो.
न कमावलेल्या तासावर फुली मारणं
हेच तर माझं काम.

त्या जुलैत शटडाउन होतं.
गुल नबी, दीरचा रिगर, फोरमनसमोर मला म्हणाला,
उजागरे, तुझं घड्याळ फक्त मालकाला वेळ दाखवतं.
सगळे हसले. मीही हसलो.
आणि महिनाभर त्याचे तास खाल्ले,
रोज तास, दीड तास, कधी दोन,
कुरतडल्यासारखे.
महिनाअखेर एक्केचाळीस.
त्याने पगाराची पावती उलटसुलट पाहिली,
माझ्याकडे पाहिलं,
घडी करून खिशात ठेवली.

ऑगस्टमध्ये मी पडलो.
दुपारच्या सुटीआधी, पाइपांच्या रॅकखाली.
खाऱ्या, दमट हवेत घामसुद्धा सुकायला तयार नव्हता.
शुद्धीवर आलो तेव्हा रात्र,
कॅम्पची खोली, एसी बंद पडलेला,
आणि कपाळावर कुणाचीतरी ओली पगडी.
तो बादलीत ती बुडवायचा, पिळायचा, ठेवायचा.
बुडवायचा, पिळायचा.
मधेच पश्तूत काही पुटपुटायचा,
प्रार्थना असेल, शिवी असेल.
मी डोळे मिटून घेतले.
वाटलं, आता विचारेल. आता.
पहाटे तो उठला आणि ड्युटीवर गेला.
त्या दिवशीची त्याची हजेरी माझ्याऐवजी दुसऱ्याने लिहिली:
दहा मिनिटं उशीर.

बरा झाल्यावर एकवीस रियाल घेऊन गेलो त्याच्याकडे.
सांगितलं सगळं. वही दाखवली. कुठे कुठे खाडाखोड केली ते.
तो रागावला. मला हे अपेक्षित नव्हतं.
घरी मुलीची फी दोन महिने थांबली होती, म्हणाला,
आणि बराच वेळ बोललाच नाही.
मग पैसे मोजले.
एक्केचाळीस गुणिले पाचशे बैसा, ओठांतल्या ओठांत.
अर्ध्या रियालची नोट परत केली.
जास्त आहेत.

आणि त्या रात्रीचं? मी विचारलं.
त्याने माझ्याकडे असं पाहिलं
जणू मी पखालवाल्याला
पाण्याचा रंग विचारला.
हे माझं होतं, नोटांवर थाप मारत म्हणाला.
ते कुठे हिशेबात होतं?

शुक्रवारी प्रभुभोजनाला पुढे गेलो.
लोंढेसाहेबांनी भाकर मोडली. मी हात पुढे केले.
हातांत वही नव्हती, पेन नव्हतं,
काय करावं ते त्यांना कळेना,
थरथरत राहिले.
तुकडा पडेल की काय, वाटलं.
पडला नाही.
अर्पणाच्या थैलीत मात्र
ती अर्ध्या रियालची नोट टाकवेना.
ती फक्त हिशेबाची होती.

हॉलमागे एसीची नळी ठिबकते.
तिच्याखाली वाळूत एक ओला डाग,
आणि त्यात काहीतरी उगवलंय,
नाव ठाऊक नसलेलं, दोन पानांचं.
कुणी लावलं नाही. कुणी पाणी घालत नाही.
मी दर शुक्रवारी जाऊन पाहतो,
आहे का अजून.

आज शनिवार.
पाच चाळीस. गेट.
रांगेत तो सातवा, डोक्याला तीच पगडी.
सलाम नाही, हसू नाही, नुसती मान हलते.
मी घड्याळ दोनदा पाहतो
आणि लिहितो,
मिनिटासकट:
गुल नबी. आत. पाच एकेचाळीस.