परिचयाची

"सदर इसम माझ्या प्रभागातील रहिवासी असून
माझ्या चांगल्या परिचयाचा आहे."
हे वाक्य पाच वर्षांत किती वेळा लिहिलं
मोजलं नाही.
अक्षर बरं होतं माझं, आणि समोरच राहायचो.
खाली केसरबाई बागुल सही करायच्या,
'केसर' एका दमात, 'बागुल'पाशी जरा थांबून.
मग शिक्का. शिक्क्यावर फुंकर.

त्याआधी त्या बिबडे विकायच्या.
चिठ्ठी निघाली, वॉर्ड बायांसाठी राखीव झाला,
आणि तीन माणसं गच्चीवर चढून आली,
चपला घालूनच, वाळवणाच्या कडेकडेनं.
"माले भाषन येत नई." हाताला ज्वारीचं पीठ.
"नका करू," ते म्हणाले. त्यांना तेच हवं होतं.
एक्केचाळीस मतांनी आल्या.
गुलाल बिबड्यांवर उडाला.
तेवढे आम्ही घरीच खाल्ले.

धुळ्यात आमच्या गल्लीला पाणी आठव्या दिवशी,
तेही रात्री दोनला.
केसरबाई व्हॉल्व्हच्या खड्ड्याशी पाट टाकून बसायच्या,
चावी फिरवणाऱ्या फकिरासाठी थर्मासात चहा.
वरची गल्ली, शिंप्यांचा बोळ, मग नाल्यापलीकडे,
चाळीस-चाळीस मिनिटं, नवऱ्याच्या घड्याळावर.
गिरणी बंद पडली तेव्हा
घरात तेवढंच चालू राहिलं होतं.

मेलेलं गाढव, तुंबलेली मोरी,
दाखल्यात तुळसाची तुळशीराम झालेली मुलगी,
सगळं त्यांच्या ओट्यावर यायचं.
कधी अगदीच अनोळखी कुणी.
मी लिहिता लिहिता थांबायचो: खरंच ओळखता?
"हाऊ उभा शे ना मन्हा मोरे. लिख."

सभागृहात त्या एकदाच बोलल्या.
"कागदवरना पाइप कोन्त्या गल्लीमा शे?"
हशा झाला. मागून कुणी बाक वाजवला.
इतिवृत्तात आलं, सूचनेची नोंद घेण्यात आली.
ती ओळ त्यांनी दोनदा वाचून घेतली.
"नोंद कोठे ठेवतस?"
मला सांगता आलं नाही.

आणि एक ठराव. हेही लिहायला हवं.
पांझरेकडची मोकळी जागा, नकाशात बाग,
तिचे गाळे झाले.
त्या सहीआधी त्यांनी वाचून दाखव म्हटलं नाही,
मीही वाचू का म्हटलं नाही.
त्या दिवाळीत गच्चीवर एक खोली चढली.
बिबड्यांना ऊन कमी पडायला लागलं.

पुढच्या निवडणुकीआधी प्रभाग नाल्यापाशी कापला.
ज्यांच्यासाठी रात्री जागल्या
ते एका रात्रीत पलीकडचे झाले.
तिसऱ्या नंबरला राहिल्या.
शिक्का मागायला कुणी आलं नाही,
तो पिठाच्या चाळणीखाली पडून राहिला.
माणसं मात्र वर्षभर येत होती.
"मी आते कोनी नई," म्हणायच्या,
आणि चहा ठेवायच्या.

गेल्या वैशाखात त्यांनाच दाखला लागला, पेन्शनसाठी.
मी नाशकाहून आलो होतो, सोबत गेलो.
नव्या साहेबांचं ऑफिस, कूलर, खुर्चीत एक पोरगा.
"नाव?"
नाव सांगितलं. पोरग्यानं मोबाइलवरून नजर उचलली नाही.
त्यानं गठ्ठ्यातला वरचा कागद ओढला:
छापील मजकूर, खाली सही, सहीवर शिक्का,
सगळं आधीच मारलेलं.
परिचयाची आहे.
नाव तेवढं रिकामं.

केसरबाई त्या गठ्ठ्याकडे पाहत राहिल्या.
मला वाटलं, आता बोलतील काहीतरी.
"हाई बरं शे," माझ्याकडे वळून म्हणाल्या,
"पोऱ्याना हात दुखाव नई."

कागद घेतला.
कधीच वाळलेल्या शाईवर फुंकर घातली.
जिना उतरताना मध्येच थांबून विचारलं,
"आज कितवा दिस शे पानीना?"