दुसरी शिट्टी

ट्रॉम्ब्याच्या पालिका शाळेत, तिसरी 'ब'च्या वर्गात
एका टेबलावर दोन यंत्रं.
बाकं बुटकी. फळ्यावर सतराचा पाढा
पुसायचा राहिलेला.

जयवंती वैती, वय एकाहत्तर,
बोट शाईला पुढे करत विचारते,
"मास्तर, नलाचा कंचा?"
मला सांगता येत नाही. नियम आहे.
म्हणतो, एक राज्याचं, एक वॉर्डाचं.
"त्यान नलाचा कंचा?"

पुठ्ठ्याआड जाते. एक शिट्टी, लांब.
मग काहीच नाही.
रांग खाकरते. एजंट घड्याळ बघतो.
पंखा तेवढा कुरकुरत फिरतो.

ती बाहेर येते, चप्पल ओढत.
"मोठ्याला दिला. धाकट्याचा तोंड कवा बगितलाच नाय.
मोठ्याचे बॅनरवर कोपऱ्यान व्हता म्हनं,
पोस्टाचे तिकटाएवरा."

रात्री हिशेब जुळत नाही :
सहाशे बारा, सहाशे अकरा.
फॉर्मवर रकाना आहे, 'तफावतीचे कारण',
दीड इंचाचा.

लिहितो : नळ.
खोडतो.
लिहितो : मतदाराने नकार दिला.
सही करतो, आणि जाता जाता
वर्गाबाहेरची तोटी फिरवून बघतो.