काळा रंग मागणाऱ्या सौमूला

बस. हात दे. असा नाही, उलटा.
कोपराच्या खळगीत एक ठिपका लावते,
वाटाण्याएवढा. आज एवढंच.
उद्या अस्रच्या नमाजानंतर ये.
तोंड वाकडं करू नकोस,
शुक्रवारी निकाह आहे हे लामूच्या या गल्लीत
गाढवांनाही ठाऊक झालंय.

वास घे. माझ्याच झुडपाचा पाला,
सावलीत वाळवलेला, मलमलीतून गाळलेला.
लिंबू, साखर, लवंगेचं तेल दोनच थेंब,
जास्त झालं तर तेही चावतं.
मेंदी कालवताना हिरवी, खरवडली की नारिंगी,
दोन दिवसांनी पिकून तपकिरी.
काळी?
काळी ती कधीच नसते, पोरी.

काळा तो पिको.
धक्क्यावर प्लॅस्टिकच्या पेल्यात कालवतात,
केसांच्या कलपाची पूड,
डबीवर हसणारी बाई.
वीस मिनिटांत कोळसा.
पाहुण्या मुली हरखतात, फोटो काढतात, बोटीत बसतात.
आठवड्याने फोड उठतात
तेव्हा त्या आपापल्या देशात असतात.
धक्क्यावर रडणं ऐकू येत नाही.

मीही कालवायचे.

म्वानाजुमा, माझ्या बहिणीची धाकटी.
ईदला काढली तेव्हा काहीच झालं नाही,
हे नीट ऐक: पहिल्या वेळी काहीच झालं नाही.
लग्नात मनगटापासून कोपरापर्यंत वेल काढली.
चौथ्या रात्री ती दारात उभी,
एका हातात दुसरा हात, परक्याचा असावा तसा धरून.
पानापानात पाणी भरलेलं.

ती वेल आता पांढरी आहे, किंचित वर आलेली.
डोळे मिटून बोट फिरवलं तरी
देठ कुठे वळतो ते कळतं.
चाळीस वर्षांत माझ्या हातून उतरलेली
सगळ्यात टिकाऊ नक्षी.

अजून भेटली की वाकून माझा हात चुंबते.
मग मी तिचा.
माझ्या ओठांना पानं लागतात.

तर उद्या.
खाजलं, लाल झालं, तर लपवू नकोस,
कोऱ्या हातांनीही निकाह लागतो.
नाही झालं तर रात्रभर बसू,
तुझ्या आईला सांग, कॉफी कडक हवी.
शुक्रवारपर्यंत रंग चढेल.
किती गडद ते मी सांगत नाही,
ते तुझं कातडं ठरवेल.

जा आता. ठिपका पुसू नकोस.
वाळला की आपणच झडेल.