लागतं

यावलच्या स्टँडमागं माझं सेवा केंद्र:
दोन खुर्च्या, एक बाक, खोकणारा प्रिंटर
आणि तीनला जाणारी लाईट.

रेहाना तडवी स्क्रीनवर बोट ठेवते,
दादा, हे काय?
प्रीरिक्विझिट.

मी म्हणतो, अट.
पण अट कुणीतरी घालतं,
पुष्कळदा मुद्दाम.
म्हणतो, पात्रता.
पण ती अंगातली, आणि हे तर
तहसीलच्या खिडकीतूनही आणावं लागतं.
पूर्वावश्यकता म्हटलं,
तर ती माझ्याकडे असं बघते
जसा मीच फॉर्म आहे.

बरं. आधी जे लागतं, ते.

भरताला वांगं लागतं,
वांग्याला कापसाच्या काड्यांचा जाळ.
गॅसवरही भाजतात लोक,
आम्ही त्याला भरीत म्हणत नाही.
आणि वांगं आहे, काड्या आहेत, जाळ आहे
म्हणून ताटात आलंच, असंही नाही.
एवढंच म्हणणं आहे त्या शब्दाचं:
मी नसलो तर नाही.
असलो तर, बघू.

शब्दकोशात लिहिलंय, त्याच्यामागं 'फॉर' लावा.
म्हणजे त्यालाही लागतंच कुणीतरी.

माझ्याकडे होतं सगळं.
डी.एड., पडताळणी, डोमिसाईल,
तीन रंगांच्या तीन फायली,
अजून आहेत खालच्या खणात.
ठेच लागली, ओढ लागली, वय लागलं,
नंबर तेवढा लागला नाही.
गिऱ्हाइकाला हे सांगायचं नसतं.

बायोलॉजी होतं बारावीला?
होतं.
उत्पन्नाचा दाखला?
त्याला रेशनकार्ड मागतात.
मग कार्ड?
त्यात माझं नाव नाही, नावाला आधार लागतं,
आधारवर मी आईपेक्षा
नऊच वर्षांनी लहान आहे.
ती हसते. मीही.
मग दोघंही थांबतो.

बाकावर सुगराबाई.
मघापासून आमचं लागतं-लागतं ऐकत,
हात पदराच्या गाठीवर.
किती लागतीन?

फॉर्मचे तीनशे. माझे राहू द्या.

गाठ सुटते. दहाच्या नोटा,
हळदीचा वास,
एक नाणं घरंगळत कीबोर्डपाशी.
पुरतीन ना?

त्या शब्दाला इंग्रजीत
वेगळं पान आहे, मावशी,
खूप पुढं.

तीनला सात मिनिटं कमी.
मी घाईनं नाव टाकू लागतो.