आठ रेघा

गुजरीतल्या सोनाराला आधी कळलंच नाही.
पिशवीतून डबा निघाला, डब्यात दाजी.
चांदीच्या काट्यावर ठेवला तशी
शेजारची बाई पाटल्यांसकट मागं सरली.
डब्याचं वजन वजा जाता चारशे बारा ग्रॅम.
"घडणावळ कुणाची?" ओसवाल म्हणाले,
आणि पैसे घेतले नाहीत.

डॉक्टर इंगवल्यांच्या दारात म्हशी उभ्या असतात,
गंगावेशीत धार देऊन आलेल्या.
त्यांनी दाजीला नुसता कानाशी धरला,
जुन्या रेडिओवर स्टेशन शोधावं तसा.
आत टिकटिक.
नाकपुडीत एक बुडबुडा, फुटायचा, परत यायचा.
दाढी काळी पडलेली, तोंड उघडं, मान वर.
"सरड्याला आपल्यासारखं खोकता येत न्हाई," म्हणाले,
"छातीचा पडदाच नसतो त्याला. आत साठलं की साठलं."
म्हशीला वीस मिली देणाऱ्या हातानं
माझ्याच इन्सुलिनच्या सुईवर नख ठेवलं.
आठ रेघा. तीन दिवसांतून एकदा. सात वेळा.
पुढच्या पायात. मागच्या न्हाई,
तिकडनं औषध आधी मूत्रपिंड गाठतं.

"आणि दिवा?"
दिव्याचं मी सांगितलं नव्हतं.

अंकी बंगळूरला जाताना लिहून गेली होती,
काचेवर चिकटवून:
दिव्याखाली चाळीस, सावलीत अठ्ठावीस, ओल नको.
मी जूनपासून दुपारचा दिवा बंद करत होतो.
बिल.
वाटलं, सरडाच तर आहे,
बांधावरचे भिजतात, मरतात का?
पण हा बांधावरचा नाही.
सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात,
ह्याची काचेपर्यंत,
आणि ह्याचं वाळवंट शंभर वॅटचं.
तेही मी बटणावर ठेवलेलं.

एकतीस वर्षं उद्यमनगरात लेथवर उभा राहिलो.
सुतात मोजलं, मायक्रॉनमध्ये मोजलं,
कधी हात हलला नाही.
पहिल्या सुईला हलला.
खवल्यांच्या मधली चिमूटभर कातडी शोधताना
चष्म्यावर घाम आला.
शालननं त्याला टॉवेलात गुंडाळून धरला होता,
तोंड दुसरीकडं करून.
"ओव्याची वाफ द्या की," ती म्हणाली.
नको म्हटलं. ह्याला वाफच झालीय.

ऑगस्टभर गल्ली विचारायची
राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर.
मी दमटपणाचा काटा बघायचो.
एक्याऐंशी. भिंत बोट लावलं तर ओली.
टाकी भिंतीपासून उचलून देवघराच्या बाजूला नेली,
पाण्याची वाटी काढली, दिवा लावला,
लाईट गेली की इन्व्हर्टरवर दिवा आधी, पंखा नंतर.
शालन पदरानं वारा घ्यायची, काही बोलायची नाही.
सत्तर. चौसष्ट.
तिसऱ्या सुईपर्यंत दाजीनं काही खाल्लं नाही,
दुधी किसून जिभेला लावला तर डोळे मिटायचा.
रात्री टिकटिक.
माझ्या छातीतही एक आवाज आहे, कास्ट आयर्नच्या धुळीचा,
तो कुणी काट्यावर घातला नाही,
मीही कुणाला सांगितला नाही.
दोघं जागे असायचो.
कुठली टिकटिक कुणाची, कधीकधी कळायचं नाही.

पाचव्या सुईनंतर त्यानं मला शेपटी मारली.
इतकी जोरात, की शालन हसली.
दुसऱ्या दिवशी एक झुरळ गिळलं,
आणि दाढी पिवळट झाली, जुन्या भाकरीसारखी.
तरी सात पुरी केली. इंगवल्यांनी बजावलं होतं:
बरं वाटलं म्हणून थांबायचं न्हाई.

रविवारी अंकीचा फोन. तिला सगळं सांगितलं,
दिव्याचंसुद्धा.
बराच वेळ बोलली नाही.
मग म्हणाली, फोन त्याच्याजवळ धरा.
मी काच सरकवली, फोन आत धरला.
दाजी दिव्याखाली सपाट पडलेला, तोंड मिटलेलं.

"पप्पा, काहीच ऐकू येत नाही."

"व्हय," म्हटलं. "अजून जरा ऐक."