वंगण

या सांध्याला तेल लावायचं नाही,
असं तांबोळीकाकांना सांगितलं
तेव्हा त्यांनी लेथ बंद केला
आणि माझ्याकडे पाहिलं,
जणू मी कुणाला उपाशी ठेवायला सांगतेय.

भोसरी. गुरुवार असूनही शेड उघडी.
शेजारी पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर धापा टाकतोय.
टेबलावर यंत्रहाताचं मनगट,
पेरूएवढं.

"वर हवा नाही, काका.
तेल उडून जातं, नाहीतर थिजतं.
आणि दोन स्वच्छ धातू उघडे टेकले
तर चिकटून बसतात, वेल्डिंग न करता. कायमचे."
लॅबमधल्या सौमित्रने सांगितलं होतं तसंच मी सांगितलं.

काका बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, "म्हणजे इथं आपली हवाच मध्ये पडते म्हणायची."

चाळीस वर्षं तेलात गेलेला माणूस.
डबा उघडला तरी चपातीला कटिंग ऑइलचा वास,
मुलीच्या निकाहच्या फोटोतसुद्धा
नखं काळी.

नऊ नग केले. मी आठ नाकारले.
तीन मायक्रॉन. चार.
एक तर दुपारी पत्र्याखाली फुगला,
रात्री बरोबर निघाला,
सकाळी पुन्हा चूक.
काका म्हणाले, "याला ताप येतोय."
तरी मी सही केली नाही.

नववा पास झाला.
टेम्पोत नको, धक्के बसतील,
म्हणून मांडीवर घेऊन रिक्षात बसले.
नाशिक फाटा, दापोडी, खडकी,
पुढे मेट्रोचे खांब आणि खोदलेला रस्ता.
खड्डा दिसला की हात आपोआप वर.
रिक्षावाल्याने आरशातून विचारलं, "अंडी आहेत का, ताई?"
हो म्हटलं. काय सांगणार?

पाषाणला, काचेमागे, निर्वात पेटीत
खडीच्या भुकटीची चंद्रभूमी.
हाताने वाकून एक खांब उचलला,
उभा केला, पिळून घट्ट बसवला.
मग केबल ओढली.
माणूस पोचण्याआधी तिथे
ओटा हवा, दिवा हवा, फोनला रेंज हवी.
ते सगळं हा करणार,
गवंडी हाच, वायरमन हाच,
आणि बिघडला तर
उघडून बघायला कुणी नाही.
वीस हजार वेळा मनगट फिरलं.
आवाज नाही. पेटीत आवाजाला जागाच नव्हती.
मी मात्र दात आवळून
प्रत्येक फेऱ्याला कान लावून उभी.

तो गेला. आठ राहिले.
एक हजेरीच्या वहीवर वजन म्हणून असतो,
पंख्याच्या वाऱ्यात पानं धरून.
पावसाळ्यात त्याला तांबूस ठिपके येऊ लागतात,
मग काका चहाआधी
तेलाचं एक बोट त्याच्यावरून फिरवतात,
सांध्यात, खोबणीत, सावकाश.

"हा इथंच राहणार ना," म्हणतात,
"याला चालतं."