बीळ नसलेला

चौथीच्या पेपरात मी विचारलं होतं, ससा कुठे राहतो.
पस्तीस पोरांनी लिहिलं, बिळात. बरोबर.
प्रणोती खाडेनं लिहिलं, ‘कुठंबी बसतो.’
मी शून्य दिला,
आणि लाल शाईनं वर ‘कुठेही’ अशी दुरुस्ती केली.

दुसऱ्या दिवशी तिचा बाप शाळेच्या गेटाशी,
सातापा, पोटरीवर वाळलेला चिखल.
भांडायला नव्हे. म्हणाला,
‘गुर्जी, आज थ्री फेज साडेअकराला हाय.
पाणी पाजायला येताय का?’

मसाईच्या पठाराखाली त्याचा सव्वा एकर,
शहाऐंशी बत्तीस, गुडघ्याएवढा, बांधाला कुसळी गवत.
मोटरनं पाणी धरलं तशी त्यानं बॅटरी विझवली.
गवतात एक खोलगट जागा होती,
पाटावरून नुकतंच कुणी उठून गेल्यासारखी.
हात घातला. ऊब होती.
एवढंच घर.
मागं खोल, पुढं उथळ,
कारण निघायचं ते पुढूनच, आणि एकदम.

मग तो सरीत दिसला, चांदण्यात,
पलीकडच्या वाडीतली भांडणं ऐकू यावीत एवढे कान.
पांढरा कुठला! जांभ्याच्या मातीत राख कालवलेली,
आणि मानेमागं काळा डाग,
आईनं तीट लावताना पोर वळलं असावं तसा.

सातापा कुजबुजत होता.
पिलं उघड्या डोळ्यांची जन्मतात, अंगावर केस घेऊन.
सशीण एक हितं ठेवते, एक तिथं,
दिवसभर फिरकत नाही.
अंधारात येते, पाजते, की गेली.
‘लोक म्हणत्यात टाकली पिलं. टाकत न्हाई ओ.
वास लागू ने म्हणून लांब ऱ्हाते.’
त्याची बायको शिरोलीच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला असते.
मी काही बोललो नाही.

दिवसा बसल्या जागी आपलीच मऊ लेंडी पुन्हा खातो, म्हणाला.
‘रवंथच की. म्हशीला चार कप्पे, ह्याला एकच पोट.’
कुत्रं मागं लागलं तर आपल्याच वाटेनं उलटा येतो
आणि मधूनच आडवी उडी.
कुत्रं वास हुंगत सरळ जातं,
पुस्तक वाचणाऱ्यासारखं.
(हे तो म्हणाला नाही. हे माझं.)

पाणी सरीच्या टोकाला पोचलं
आणि ससा नव्हता.
जाताना दिसला नाही, फक्त नव्हता.

सकाळी शून्य खोडला, माझी दुरुस्तीही खोडली.
बाकीच्या पस्तीस जणांचं काय करायचं
ते अजून ठरत नाही.